बॅटरीवरचे किलोमीटर

त्या सोमवारी सकाळी गाडीच्या पडद्यावर एक हजार दोन असा आकडा होता, आणि देवराव मेश्राम त्यावर समाधानी नव्हते. आदल्या संध्याकाळी अहिवाऱ्याहून परतल्यावर संघमित्राने तो आकडा त्यांना मुद्दाम वाचून दाखवला होता. हजार झाले, बाबा, असं म्हणताना तिच्या आवाजात शाळा सुटल्याचा जो आनंद उतरला होता, तो तिचा तिलाच ऐकू आला होता. त्यांना आला की नाही कोण जाणे. पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांवर अडतीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान तसे अर्धेच उरलेले होते. आता चहाची बशी तोंडापर्यंत नेऊन ते मध्येच थांबले.

"मित्रा, त्या पडद्यावर आखीन एक आकडा येते ना? बॅटरीचा?"

"येतो. सत्तावन्न टक्के."

"म्हंजे शंभरातले सत्तावन्न किलोमीटर गाडी बॅटरीवर चालली. तवा इंजन झोपलं व्हतं. मंग इंजन चाललं किती? चारशे तीस." त्यांनी बशी खाली ठेवली. "चारशे तीसले आपन हजार म्हनून राहिलो. हे बेइमानी हाय बाप्पा."

"कोनासंगं? गाडीसंगं?" आतून आई म्हणाली.

"इंजनसंगं."

चंपाबाई हसल्या. त्यांच्या हातातल्या लाटण्याचा आवाजही जरा हसल्यासारखा झाला. संघमित्रा मात्र हसली नाही. तिने मनात गणित केलं, आणि तिच्या आधीच बाबांचं झालं होतं. इंजिनाचे हजार पुरे व्हायचे तर गाडी आणखी तेराशे चालायला हवी. अहिवाऱ्याची एक फेरी चाळीसची. म्हणजे तेहतीस फेऱ्या, तेहतीस संध्याकाळी. तिला एकदम त्या सगळ्या संध्याकाळी एका ओळीत उभ्या दिसल्या, सेक्टर सहामधल्या एकाच रंगाच्या क्वार्टरांसारख्या.

गाडी खरं तर त्यांच्यासाठीच घेतलेली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते स्कूटरवर मागे बसेनासे झाले होते. पाय उचलून पलीकडे टाकायला त्यांना वेळ लागे आणि तो वेळ त्यांना अपमानासारखा वाटे. दुर्गच्या कॉलेजातल्या तिच्या सहकाऱ्यांनी विचारलं, एवढी महागाची हायब्रिड कशाला, तेव्हा तिने सांगितलं होतं, आईबाबांसाठी. हे सांगताना तिला बरं वाटलं होतं. एकटी राहिलेली मुलगी, त्रेचाळिसावं वर्ष, कारखान्याचं लीजवर घेतलेलं क्वार्टर, म्हातारे आईबाप, नवी गाडी. कोणीतरी दुरून पाहिलं तर चित्र चांगलं दिसलं असतं. ती बरंच वाचत असे, आणि वाचणाऱ्या माणसांना स्वतःचं चित्र दुरून पाहायची खोड असते.

शोरूममध्ये किल्ली देताना तिथल्या मुलीने नारळ आणि लिंबू पुढे केलं, तेव्हा बाबांनी हात जोडून म्हटलं होतं, "बेटी, लिंबू घर ले जाओ, शरबत बनाओ." मग गाडीच्या बॉनेटसमोर उभं राहून त्यांनी मायलेकींकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतलं होतं. मागे पुढचं गिऱ्हाईक हार घेऊन ताटकळत होतं. देव हा शब्द नावात घेऊन आयुष्यभर देव न मानलेला माणूस. मानायचे ते मशीनला, आणि तेही अटीवर, की मशीन समजून घेतलं पाहिजे. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं की पहिले हजार किलोमीटर ही गाडी आपण तयार करायची. ऐंशीच्या वर नाही, एकदम ब्रेक नाही, एकसारखा वेग नाही. "कधी पन्नास, कधी सत्तर, कधी तीस. तिले सगळ्याची सवय झाली पायजे." त्यांनी कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्ट्यांच्या, हीटिंगमध्ये नोकरी काढली होती. भट्ट्यांची नवी रांग, तिला तिथे बॅटरीच म्हणत, सुरू करायची तर ती सत्तर सत्तर दिवस हळूहळू तापवावी लागे. सिलिकाच्या विटा तापल्या की फुगतात, घाई केली तर तडकतात, आणि तडकलेली भिंत मग तिच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यात गळत राहते. हे तिने लहानपणी इतक्यांदा ऐकलं होतं की तिला तडकलेल्या भिंती स्वप्नात दिसत. ते सत्तर दिवस तिला आठवत होते. तेव्हा ती सहावीत होती. बाबा तीन पाळ्यांचं गणित सोडून कधीही येत, कधीही जात, डोळे लाल, आणि जेवताना आईला विचारत, आज किती अंश वाढवले सांगू? आई म्हणायची, सांगा, तुमाले सांगतल्याशिवाय घास कुठं उतरते.

तर तसं पंचवीस दिवस चाललं. पाच वाजले की ते तयार. इन केलेला शर्ट, काळे बूट, केसांना पाणी. "सोयरीक पाहाले चालले का?" आई रोज विचारायची, आणि ते रोज म्हणायचे, "हो, पोरगी पसंत पडली तं तुले कळवतो." सुपेल्याच्या गर्दीत गाडी बॅटरीवर आवाज न करता सरकायची आणि हातगाडीवाल्यांना, सायकलवाल्यांना ती मागून आल्याचं कळायचंच नाही. मग बाबा काच खाली करून स्वतःच म्हणायचे, "सरका बाप्पा, येऊन राहिलो." पुढे रस्ता मोकळा झाला, चुनखडीचे ट्रक सुरू झाले, बाभळीवर पांढरी धूळ दिसायला लागली, की ते डावा तळवा डॅशबोर्डवर ठेवत. "उठली," ते म्हणत. इंजिन सुरू झालेलं असे. थोड्या वेळाने, "झोपली." तिला यातलं काहीच कळत नसे, तिला फक्त पडद्यावरचा बाण दिसे. ते पडदा पाहत नसत. अहिवाऱ्याला चहा, बाबांची बशी, आणि परत. बोलणं फारसं नाही. पहिल्या आठवड्यात तिला ते आवडलं. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की पाच ते साडेसहा ही तिची वाचायची वेळ होती, दिवसातली एकुलती एक. तिसऱ्या आठवड्यात ती कॉलेजातून निघतानाच चिडलेली असे. "ब्रेक हळू," ते म्हणत, आणि तिच्या जबड्याच्या मागे कुठेतरी एक शीर ताठ होई. आपण पाळीवर हजर झालेले कामगार आहोत आणि हा माणूस आपला फोरमन आहे, असं तिला वाटे. ती काही बोलत नसे. न बोलणं हा तिचा स्वभाव आहे असं सगळे म्हणत, आणि तिलाही ते सोयीचं होतं.

"मी गाडीच्या कंपनीत फोन करून विचारते," सोमवारी चहाचा कप विसळताना ती म्हणाली. "बॅटरीचे किलोमीटर धरायचे की नाही ते."

"हे बेस केलं. इचार. ज्यानं मशीन बनवलं त्याले इचाराव."

दिवसभरात तिने फोन केला नाही. विसरली असंही नाही. दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत फोन हातात घेतला होता, आणि मनात आलं होतं की समजा ते म्हणाले, तुमचे वडील बरोबर बोलतात, तर? तिने फोन पर्समध्ये टाकला आणि पुस्तक उघडलं. साडेचारला घरी आली तेव्हा ते व्हरांड्यात बूट घालून बसले होते. पायऱ्या चढता चढता, चप्पल काढायच्याही आधी, ती म्हणाली, "केला होता बाबा फोन."

ते उठून उभे राहिले. हे तिला नंतर फार आठवलं, की ते उभे राहिले.

"काय म्हने?"

"म्हणे बॅटरीचेही धरतात. हायब्रिडचं सगळं हिशेबात घेऊनच हजार सांगितलेत. झालं म्हणे तुमचं. आता कशीही चालवा."

"कोन व्हता फोनवर? इंजिनेर व्हता का हापिसातला कोनी?"

"इंजिनिअर होता."

"नाव काय?"

"रूपेश," ती म्हणाली. नाव कुठून आलं तिला कळलं नाही. ते नुसतं आलं, जिभेवर आधीच ठेवल्यासारखं.

"रूपेश साहेब," बाबा म्हणाले. त्यांनी अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. "असं हाय तं मग. त्याले जास्त मालूम. आपन जुने मानसं, आपल्याले कोयल्याचीच बॅटरी मालूम." मग ते खुर्चीवर बसले आणि वाकून बुटांची नाडी सोडू लागले. आत आईने विचारलं, का हो, आज नाही? "नाई. झाली पोरगी तयार," ते म्हणाले. संघमित्रा आत जाऊन पलंगावर आडवी पडली आणि दीड तास वाचत राहिली. काय वाचलं तेही तिला आता सांगता येत नाही. पण त्या दीड तासात ती सुखी होती. हे खोटं म्हणता येणार नाही.

मंगळवारी कॉलेज चारला सुटलं. घरी जायची घाई नव्हती म्हणून ती वाचनालयात बसली, खिडकीजवळ, फोन पर्समध्ये, आवाज बंद. खिडकीतून दुर्गच्या स्टेशनकडे जाणारी मालगाडी दिसत होती, डब्यामागून डबा, आणि ते पाहता पाहता तिला वाटलं होतं की वेळ असा सगळा आपला असला की किती रुंद होतो. साडेपाचला फोन काढला तेव्हा आईचे सात मिस्ड कॉल होते. शेजारच्या शिल्पाचे चार.

आई नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिली, त्याच क्रमाने, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "पाचले त्यायनं बूट घातले. सवयच झाली व्हती ना. मंग खुर्चीवर बसून रायले. मी म्हनलं, जाता का? तं म्हने, नाई वं, रूपेश साहेबानं म्हनलं आता जरूरत नाई. हासले. मंग बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले, आन् म्हने थोडं पडतो. मी पोह्याले कांदा चिरून राहिली व्हती." डॉक्टर म्हणाले, झोपेतच, काही त्रास झाला नसेल, कुठेही असते तरी झालंच असतं. कुठेही या शब्दावर संघमित्रा बरेच दिवस अडकून राहिली. कुठेही म्हणजे गाडीतसुद्धा. साधारण सव्वापाच म्हणजे सुपेला ओलांडून झालं असतं, ट्रक सुरू व्हायच्या जरा आधी. ते तिच्या डाव्या बाजूला असते. तळवा डॅशबोर्डवर असता. मृत्यू टळला असता असं तिला एकदाही वाटलं नाही. ती तेवढी भाबडी नव्हती. तिला छळत होतं ते दुसरंच. अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर हा माणूस एकदा निवृत्त झाला होता, हार घालून, घड्याळ घेऊन, रीतसर. दुसऱ्यांदा त्याला तिने काढलं होतं, चप्पलही न काढता, पायरीवर उभं राहून. आणि पायात बूट असतानाच तो हसला होता.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदन झालं. शील घेताना ती आईशेजारी बसली होती. पहिलं, दुसरं, तिसरं तिने सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. आईने तिच्याकडे पाहिलं, हुंदका समजून पाठीवरून हात फिरवला. त्या हाताखाली ती आक्रसून बसली. मग बाबांचे भट्टीवरचे जुने सोबती दौलतराव उभे राहिले. काठी टेकत, माईक नको म्हणत, ते म्हणाले की देवरावने आयुष्यात कोणतीच भट्टी अर्धी तापवून सोडली नाही. "आता पोरीची गाडी घ्या. हजार किलोमीटर पुरे केले आन् मंगच गेला. काम बाकी ठेवून जानारा मानूस नव्हता तो." लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी डोळे पुसले. संघमित्राला वाटलं आता उठावं. ती उठली नाही.

जेवणं आटोपल्यावर दौलतराव तिच्याजवळ आले. हातात खिरीची वाटी, चमचा न घेता तसेच पीत. "बाई, एक इचारू का? राग नको मानू. सोमवारी देवरावचा मले फोन आलता. आमचं भांडन झालं."

"भांडण?"

"तो म्हने बॅटरीचे किलोमीटर धरतात. मी म्हनलं, लेका, येडा झाला का? चुलीवर पान्याचा गंज नाही ठेवला तं तो तापन कसा? इंजन चाललंच नाही तं मोजता कायले? तं म्हने, दौलत, माया पोरीनं थेट कंपनीच्या इंजिनेरले फोन करून इचारलं. रूपेश साहेब हाय म्हने. मी म्हनलं, तो साहेब खोटं सांगून राहिला तुले. तं असा चिडला! म्हने साहेबाले खोटं बोलाची जरूरत काय? त्याले काय फायदा?" दौलतराव हसले, मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. "शेवटचं बोलनं आमचं. भांडनच झालं. कावून एवढी हुज्जत घातली मी, मालूम नाही. बरोबर असन तो साहेब."

आता बोलायला हवं होतं. समोर एक म्हातारा माणूस एका कधीही नसलेल्या इंजिनिअरपुढे हार मानून उभा होता, आणि स्वतःला दोष देत होता. "तुमचं बरोबर होतं, काका," एवढंच ती म्हणाली. तो त्यांना शोकातला शिष्टपणा वाटला असावा. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वाटी ठेवायला गेले.

त्यानंतर रूपेश घरात राहायला आल्यासारखा झाला. आईच्या बोलण्यात तो रोज येऊ लागला. बाबांनी नाव घेतलेला शेवटचा परका माणूस, म्हणून आईला त्याच्याबद्दल एक माया वाटत होती. "त्या साहेबाले कळवलं का वं? बिचाऱ्याले मालूमच नसन." किती वर्षांचा असेल, आपल्याकडचा असेल की रायपूरचा, लग्न झालेलं असेल का, आई विचारायची. संघमित्रा म्हणायची, माहीत नाही, फोनवरच बोलणं झालं. म्हणजे ती पुन्हा खोटं बोलायची, आणि प्रत्येक वेळी रूपेशच्या अंगावर थोडं मांस चढायचं. कधी कधी तिला तो दिसायचाही, निळ्या शर्टातला, मवाळ, कोणाचंही मन न मोडणारा. तिच्या वडिलांशी तो तिच्यापेक्षा बरा वागला होता. निदान त्यांनी त्याचं नाव तरी साहेब लावून घेतलं होतं. गाडी अंगणात उभी होती. शाल, बादली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिच्यावर नाहीतर तिला टेकून ठेवला जाऊ लागला. ती नेहमीसारखी कॉलेजला स्कूटरने जायची आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा पुस्तक उघडून बसायची. एक पानही उलटत नसे. वेळ सगळा तिचा होता.

महिना उलटल्यावर पहिल्या सर्व्हिससाठी फोन आला. आई म्हणाली, मी येतो. संघमित्राने सांगितलं की तिथे दोन तास बसावं लागतं, गुडघे दुखतील. "दुखू दे. मले रूपेश साहेबाले भेटाचं हाय." लुगडं बदलून, पुण्यानुमोदनाचं छापलेलं कार्ड पिशवीत घालून आई गाडीत पुढे बसली, बाबांच्या जागेवर. सुपेल्याच्या चौकात गाडी मुकाट सरकत होती आणि कोणीच काच खाली करून सरका म्हणत नव्हतं, म्हणून संघमित्राला सारखा हॉर्न वाजवावा लागत होता. वाटेत तिने तीनदा तोंड उघडलं. एकदा सिग्नल सुटला. एकदा आईच बोलायला लागली. तिसऱ्यांदा काहीच झालं नाही, तिने उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

सर्व्हिस सेंटर हायवेला लागून होतं. काचेची भिंत, थंड हवा, सोफा. गाडी आत गेली. काउंटरवरच्या मुलीला आई तिच्या हिंदीत म्हणाली, "बेटी, रूपेश साहब को बुलाना. इंजिनेर साहब."

मुलीने संगणकाकडे पाहिलं, मग आईकडे. "इंजीनियर में तो कोई रूपेश नहीं है, माताजी."

संघमित्राला, लाज वाटावी इतकं, सुटल्यासारखं वाटलं. पण ती मुलगी भली होती. "रुकिए, वॉशिंग में एक रूपेश भैया हैं. फोन भी कभी-कभी वही उठा लेते हैं." आणि तिने हाक मारली.

जो माणूस आला तो पस्तिशीचा होता, गमबूट घातलेला, ओले हात पँटला पुसत. आई सोफ्यावरून उठायला लागली. तिला वेळ लागला. तोवर तो थांबून राहिला. "जय भीम, साहब," आई म्हणाली. तोही अवघडून हात जोडत म्हणाला, "जी, नमस्ते माताजी."

"हमारे मिस्टर तुम्हारा बहोत नाम लेते थे," आई म्हणाली. "तुमने बताया ना फोन पे, के बैटरी का किलोमीटर भी पकड़ना? उनको बड़ा समाधान हुआ. दूसरे दिन गए वो." तिने कार्ड पुढे केलं. कार्डावर बाबांचा फोटो होता, इन केलेल्या शर्टातला.

रूपेशने ओली बोटं कार्डाला लागू नयेत म्हणून ते कडेने धरलं. फोटोकडे पाहिलं, आणि मग आईच्या खांद्यावरून संघमित्राकडे. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून होकार देणारा माणूस होता तो. त्याला काहीतरी उमगलं. त्याच्या नजरेत प्रश्न होता, की हो म्हणू का? तिने नुसती मान हलवायची होती. मान हलली की हा माणूस खरा झाला असता, आईला तिचा साहेब मिळाला असता, दौलतरावांचं भांडण मिटलं असतं, आणि आयुष्यभर कोणी काही विचारलं नसतं. ती हलली नाही तेव्हा त्याने स्वतःहूनच जमवून घ्यायला सुरुवात केली. "हाँ माताजी," तो हळूच म्हणाला, "शायद... बात हुई होगी मेरी."

आईचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा.

"नाही," संघमित्रा म्हणाली. आवाज फार मोठा निघाला. काउंटरवरची मुलगी वळून पाहू लागली. "आई, यानं नाही सांगितलं. कोनीच नाही सांगितलं. मी फोनच केला नव्हता."

आई तिच्याकडे वळली. एक हात अजून रूपेशच्या दिशेने पुढे होता. "मंग रूपेश?"

"मी बनवला."

"कावून?"

थकले होते, पेपर तपासायचे होते, ऊन होतं, ट्रक होते. सगळी कारणं तिच्याकडे होती आणि सगळी खरी होती. रूपेश कार्ड धरून उभा होता, जावं की थांबावं हे त्याला कळत नव्हतं.

"मले त्यायच्यासंगं जायचं नव्हतं, आई," ती म्हणाली. "मले बाबांचा कंटाळा आला होता."